पिस्टन पाहून इंजिन ओळखता यायला पाहिजे

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मर्चंट नेव्हीतल्या करिअरवर पानभर लेख आला होता, विदर्भातल्या मुलामुलींनी जहाजाच्या इंजिनरूमकडे वळावं असं त्यात लिहिलं होतं, वाचून खरंच आनंद झाला, कारण नागपुरात या नोकरीबद्दल पगाराचे आकडे सगळे सांगतात, काम काय असतं ते कोणी सांगत नाही. पण त्या लेखातल्या फोटोखाली जी ओळ छापली ती चुकीची आहे, ती दुरुस्त व्हावी म्हणून हे पत्र लिहून राहिलो आहे. ओळ अशी की हा कंटेनर जहाजाच्या मुख्य इंजिनाचा पिस्टन. साहेब, त्या पिस्टनच्या बाजूला आरपार भोक स्वच्छ दिसतंय, ते गजन पिनचं, म्हणजे पिस्टनला कनेक्टिंग रॉड जोडणाऱ्या पिनचं, भोक आहे. आणि डोक्यावर चार अर्धगोल खळगे आहेत, ते व्हॉल्व्हसाठी असतात. मोठ्या कंटेनर जहाजाच्या मुख्य इंजिनाच्या पिस्टनला या दोन्हीपैकी एकही गोष्ट नसते. फोटोतला पिस्टन फोर स्ट्रोक इंजिनाचा आहे, बहुतेक जहाजावर वीज तयार करणाऱ्या जनरेटरचा.

एवढ्याशा ओळीनं काय बिघडलं असं कोणी म्हणेल, पण बिघडतं. मी जहाजावर इंजिनिअर म्हणून नोकरी करून निवृत्त झालो, आता प्रतापनगरला राहतो, आणि डीजी शिपिंगच्या क्लास फोरच्या ओरलला, म्हणजे जहाजावरच्या इंजिनिअरच्या सरकारी तोंडी परीक्षेला, बसणारे आपल्याकडचे पोट्टे अधूनमधून शंका घेऊन घरी येतात. हुशार असतात, मेकॅनिकलची डिग्री घेतलेले असतात, कॉम्प्रेशन रिंगची, म्हणजे गॅस अडवायला पिस्टनभोवतीच्या खाचेत बसवलेल्या कापाच्या कड्याची, व्याख्या झोपेतून उठवलं तरी सांगतील. पण हातात रिंगचा तुटका तुकडा दिला आणि विचारलं की बाबा ही कुठल्या इंजिनाची, वरची का खालची, कुठली बाजू वर, तर गप्प. याच्यात त्यांचा दोष नाही, त्यांना कोणी खरी वस्तू दाखवलीच नाही, पुस्तकातला चौकोन दाखवला आणि त्याला रिंग म्हणाले. आणि फोटो दाखवला तर तोही असा, भलत्याच इंजिनाचा. म्हणून विनंती करतो की पत्र लांबलं तरी छापा, कारण ओळखायचं कसं ते एकदा मराठीत कुठंतरी सरळ छापून यायला पाहिजे.

आधी मुख्य इंजिन. मोठ्या मालवाहू जहाजांवर बहुतेक ठिकाणी टू स्ट्रोक, क्रॉसहेडवालं (पिस्टन रॉड आणि कनेक्टिंग रॉड यांच्यामधला सरकता सांधा म्हणजे क्रॉसहेड), हळू फिरणारं इंजिन असतं, मिनिटाला साधारण शंभरच्या आसपास फेरे, आणि प्रोपेलर त्यालाच सरळ जोडलेला. (फेरी, क्रूझ आणि लहान जहाजांवर फोर स्ट्रोक इंजिनच मुख्य असतं, ते वेगळं, पण तुमचा लेख कंटेनर जहाजावर होता.) २००६ साली आलेल्या एमा मर्स्क जहाजाचं इंजिन १४ सिलिंडरचं, बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास ९६० मिलिमीटर, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव अडीच मीटर, आणि ताकद ८०,०८० किलोवॅट. इंजिनाच्या नावातच बोअर लिहिलेला असतो, एस ६० एमसी म्हणजे ६० सेंटिमीटर, आरटीए ५८ म्हणजे ५८ सेंटिमीटर, हे एकदा कळलं की कागद पाहूनच पिस्टन केवढा असेल ते डोळ्यासमोर येतं.

या इंजिनात पिस्टनला खालून पिस्टन रॉड बोल्टनं घट्ट जोडलेला असतो आणि कनेक्टिंग रॉड त्याच्याही खाली, क्रॉसहेडला. म्हणून पिस्टनमध्ये गजन पिन नाही, तिचं भोक नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकच आणि तो बरोबर मधोमध, त्याला जागा करून द्यायला डोक्यावर खळगे कोरायची गरजच नाही. पिस्टनच्या खालच्या बाजूला रॉडच्या बोल्टची वर्तुळाकार भोकं दिसली की समजायचं, क्रॉसहेडचा माल आहे.

आता क्राऊन. क्राऊन म्हणजे पिस्टनचा वरचा भाग, ज्याच्यावर आग पेटते. टू स्ट्रोकमध्ये हा क्रोम मॉलिब्डेनम पोलादाचा असतो, उष्णता सहन करणारा, आणि खालचा स्कर्ट बिडाचा. दोन धातू दोन कामांसाठी, वर ताकद आणि उष्णता, खाली लायनरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीवर, घासत चालायचं काम. वरचा भाग जाड ठेवला तर ताकद मिळते पण उष्णता आत अडकते आणि धातू तडकतो, पातळ ठेवला तर थंड राहतो पण दाबाखाली वाकतो. म्हणून भिंत जमेल तेवढी पातळ ठेवतात आणि आतून आधार देतात. सुल्झर, म्हणजे पुढं वार्टसिला, त्यांच्या आरटीए इंजिनात क्राऊनला आतल्या बाजूनं वरपर्यंत बारीक बारीक भोकं पाडलेली असतात आणि त्यांच्यात नॉझलनं तेल उडवतात, तेल आत जाऊन हिंदकळतं आणि उष्णता घेऊन खाली येतं. मॅन बी अँड डब्ल्यूच्या इंजिनात तेल टेलिस्कोपिक पाइपनं क्रॉसहेडला येतं, पिस्टन रॉडच्या आतून वर चढतं आणि रॉडमधूनच परत उतरतं. जुन्या सुल्झर आरएनडी इंजिनात तर तेलाऐवजी पाणी होतं. तेव्हा क्राऊन उलटा करून आत पाहिलं तर कंपनीची ओळख बऱ्याच वेळा तिथंच पटते, भोकं पाडलेली आहेत का मोकळी पोकळी आहे, एवढं पाहिलं तरी पुरतं.

आणि स्कर्टची लांबी पहा. आरएनडीसारख्या जुन्या लूप स्कॅव्हेंज इंजिनात एक्झॉस्टचे पोर्ट, म्हणजे धूर जायची भोकं, लायनरलाच असायचे, पिस्टन वर गेला की ते झाकून ठेवायला लांबलचक स्कर्ट लागायचा. आताच्या युनिफ्लो इंजिनात एक्झॉस्ट वरून जातो, म्हणून स्कर्ट आखूड. स्कर्टवर ब्रॉन्झचे पिवळसर पट्टे बसवलेले दिसले तर ते रिंग नाहीत बरं, ते घासपट्टे आहेत, नवीन पिस्टन लायनरमध्ये नीट बसेपर्यंत पोलाद किंवा बीड सरळ लायनरला लागू नये म्हणून. पोट्टे त्यालाच ऑइल रिंग म्हणून मोकळे होतात.

ऑइल रिंगवरूनच सांगतो, कारण ओळख पटवायला याच्याइतकी पक्की खूण दुसरी नाही. क्रॉसहेडच्या पिस्टनला ऑइल स्क्रेपर रिंग नसते. सिलिंडरचं तेल लायनरमधल्या छिद्रांतून वेगळं येतं, मोजून येतं आणि जळून जातं, आणि क्रँककेसचं, म्हणजे खाली क्रँकशाफ्ट फिरतो त्या पेटीतलं, तेल वर येऊ नये म्हणून पिस्टन रॉडभोवती स्टफिंग बॉक्स असतो, स्क्रेपर रिंगा तिथं, तुकड्यातुकड्यांच्या, स्प्रिंगनं आवळलेल्या. फोर स्ट्रोकमध्ये पिस्टनच्या खाली सरळ क्रँककेस, तेल उडत वर येणारच, ते खरवडून खाली पाठवायला पिस्टनवरच ऑइल रिंग लागते. म्हणून रिंगच्या खाचांमध्ये जर एखाद्या खाचेला आत तेल जायची भोकं दिसली तर दुसरं काही पाहायची गरज नाही, पिस्टन फोर स्ट्रोकचा.

टू स्ट्रोकच्या रिंगा साधारण चार, मॅन बी अँड डब्ल्यूच्या इंजिनात तरी, आणि सगळ्या सारख्या नसतात. वरची रिंग जास्त उंचीची. जुन्या पद्धतीत रिंगा तिरप्या कापाच्या, एकीचा काप डावीकडे झुकलेला तर दुसरीचा उजवीकडे, आलटून पालटून, सगळ्यांची तोंडं एका रेषेत येऊन गॅसला सरळ वाट मिळू नये म्हणून. नंतर वरच्या रिंगसाठी सीपीआर आली, म्हणजे गॅसचा दाब मापात सोडणारी. तिचं तोंड सरळ कापलेलं नसतं, दोन टोकं एकमेकांवर चढून बसतात, गॅसला तिथून वाट नाही, आणि बाहेरच्या अंगावर ठरावीक अंतरानं तिरप्या बारीक खाचा असतात त्यातून थोडा गॅस मुद्दाम खाली जाऊ देतात. हे का, तर सगळा दाब वरच्या रिंगनं एकटीनं अडवला तर ती जळते, आणि साध्या रिंगच्या फटीतून गॅस एकाच जागी झोतानं निघाला तर लायनरवर तिथं चटका बसतो. खाचांमुळे दाब दोन रिंगांत वाटला जातो आणि उष्णता चौफेर पसरते. या खाचांचा अजून एक फायदा, रिंग झिजते तशी खाच उथळ होत जाते, म्हणून पिस्टन न काढता स्कॅव्हेंज पोर्टमधून, म्हणजे लायनरच्या ताजी हवा येणाऱ्या भोकांतून, खाचेची खोली मोजली की रिंग किती उरली ते कळतं.

लोकांना वाटतं रिंग स्वतःच्या ताणानं लायनरला दाबून बसते. सुरुवातीला हो, पण खरा दाब गॅसचा. गॅस रिंगच्या वरून खाचेत शिरतो, रिंगच्या मागं जातो, तिला बाहेर लायनरवर आणि खाली खाचेच्या तळावर दाबतो. म्हणून खाचेतली उभी फट फार महत्त्वाची. कमी पडली तर कार्बननं रिंग अडकते, जास्त झाली तर रिंग खाली-वर आपटून तुटते. याच कारणानं क्राऊनच्या खाचांना हार्ड क्रोम मारलेलं असतं, चकचकीत पांढुरकं, आणि खाच झिजली की परत मशीनिंग करून क्रोम चढवतात. क्राऊन जुना आणि खाच मात्र धारदार दिसली तर तो रिकंडिशन केलेला आहे असं समजायला हरकत नाही.

रिंग जहाजावर पाहतात ती स्कॅव्हेंज पोर्टमधून, इंजिन बंद करून, टर्निंग गिअर लावून, पिस्टन हळूहळू खाली आणत. बॅटरीच्या उजेडात रिंगचा चेहरा गुळगुळीत आणि तेलकट ओला असेल तर ठीक. काळे उभे ओघळ असतील तर गॅस खाली गळतोय. उभ्या ओरखड्यांच्या चमकदार रेघा असतील तर तेलाची फिल्म तुटून धातू धातूला लागला, त्याला स्कफिंग म्हणतो आम्ही, आणि ते दिसलं की चीफ त्या रात्री झोपत नाही. मग लाकडी काठीनं रिंग दाबून पाहायची, दबून परत वर आली पाहिजे. दबलीच नाही तर अडकली, आणि दबून तशीच आत राहिली तर तुटली. नवीन रिंगवर सोनेरी तांबूस थर असतो, अॅल्युमिनियम ब्रॉन्झचा, तो सुरुवातीच्या काळात झिजण्यासाठीच दिलेला असतो, तो गेला म्हणून घाबरायचं नाही. चकचकीत क्रोम सिरॅमिकचा थर मात्र टिकला पाहिजे.

क्राऊनच्या वरच्या बाजूची भाषा पण शिकण्यासारखी आहे. युनिफ्लो इंजिनात इंजेक्टर मधल्या व्हॉल्व्हच्या भोवती दोन किंवा तीन असतात, म्हणून क्राऊन जळतो तोही ठरावीक जागी, स्प्रे जिथं लागतो तिथं. त्यावर कंपनीचा टेम्पलेट ठेवून खालून फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालायचं आणि किती मिलिमीटर धातू गेला ते मॅन्युअलच्या मर्यादेशी ताडून पाहायचं. आणि नुसतं वरून पाहून भागत नाही. आतल्या बाजूनं तेलाचा कार्बन चिकटला की उष्णता बाहेर निघायला वाट राहत नाही, वरचा धातू अजून तापतो, अजून जळतो. वर खड्डा दिसला तर क्राऊन काढून आत पाहिल्याशिवाय परत चढवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता फोर स्ट्रोक, कारण नागपूरकरांचा संबंध खरा याच्याशी येतो. मध्यम स्पीडच्या इंजिनात, वार्टसिला ३२ सारख्या, पिस्टन दोन भागांचा असतो, वर पोलादी क्राऊन आणि खाली नोड्युलर बिडाचा स्कर्ट, दोघं बोल्टनं जोडलेले. रिंगा तीन, दोन कॉम्प्रेशन आणि एक स्प्रिंगवाली ऑइल रिंग. लहान जनरेटरमध्ये अख्खा पिस्टन एकाच ओतीचा, बिडाचा किंवा अॅल्युमिनियमचा. अॅल्युमिनियमचा असेल तर वरच्या रिंगच्या खाचेकडे नीट पहा, तिथं बऱ्याचदा वेगळ्या रंगाचा एक पट्टा पिस्टनमध्येच ओतलेला दिसतो, निकेलमिश्रित बिडाचा, कारण नुसतं अॅल्युमिनियम त्या जागी रिंगच्या मारानं लवकर खलास होतं. पिस्टन बिडाचा का अॅल्युमिनियमचा ते चुंबक लावून पहायचं, अॅल्युमिनियमला लागत नाही, काम एका सेकंदात होतं.

रेल्वेच्या डिझेलवर काम केलेली मंडळी नागपुरात घरोघरी आहेत, त्यांना हे नवीन नाही. डब्ल्यूडीएम २ या रेल्वेच्या डिझेल लोकोमोटिव्हमधलं आल्को २५१ इंजिन, सोळा सिलिंडर, ९ इंच बोअर, साडेदहा इंच स्ट्रोक, त्यात पुढं इंधन वाचवायला स्टील कॅप पिस्टन आले, वर पोलाद आणि खाली अॅल्युमिनियम. तेच दोन धातूंचं तत्त्व. मला मनापासून वाटतं की या निवृत्त लोकांना आपल्याकडच्या आयटीआयनी आणि कॉलेजांनी बोलवावं, एक कापलेला पिस्टन टेबलावर ठेवावा आणि त्यांना बोलू द्यावं. मुळात कापाची धातूची रिंग आली तीच रेल्वेतून, जॉन रॅम्सबॉटम नावाच्या इंग्लंडच्या रेल्वे इंजिनिअरनं १८५२ च्या सुमारास वाफेच्या इंजिनासाठी काढली, त्याच्या आधी पिस्टनला तागाचं, दोरीचं पॅकिंग गुंडाळायचे.

आणि हे फक्त ओरलवाल्या पोरांपुरतं नाही. गुजरातमधल्या अलंगला जहाजं तुटतात, त्यांचे जनरेटर विकले जातात आणि फिरत फिरत आपल्याकडच्या जिनिंगमध्ये, राइस मिलमध्ये, कारखान्यांत येऊन बसतात. चांगली इंजिनं असतात, पण सोबत मॅन्युअल नसतं. अशाच एका ओळखीच्या जिनिंगवाल्याकडं ओव्हरहॉल झालं, सप्लायरला फोनवर फक्त बोअर सांगितला, रिंगा आल्या, बसल्या, आणि थोड्याच दिवसांत क्रँककेसच्या ब्रीदरमधून धूर, तेल पिणं सुरू, शेवटी वरची रिंग तुटून लायनरला खोल चरा. मला बोलावलं तेव्हा पिस्टन बाहेर काढून ठेवला होता. जुनी मूळ रिंग नशिबानं मिस्त्रीनं फेकली नव्हती. ती पुसून तिला व्हर्नियर लावलं, बाहेरच्या कडेला उंची पाच मिलिमीटरच्या आसपास आणि आतल्या कडेला त्याहून अर्धा-पाऊण मिलिमीटर कमी. म्हणजे कीस्टोन रिंग, पाचरीच्या आकाराची, आणि खाचही तशीच आत निमुळती. कीस्टोनचा फायदा हा की रिंग आतबाहेर हलली की खाचेतली फट कमीजास्त होते आणि कार्बन आपोआप फुटून निघतो. नवीन आलेली रिंग चौकोनी होती, उंची जुन्या रिंगच्या आतल्या कडेएवढी. बाहेरून सारखी दिसते, बोअर तोच, पण खाचेत ती फक्त कडेवर टेकते, तळावर बसतच नाही, गॅस अडवणार कशानं. मिस्त्रीला बोल लावून उपयोग नाही, त्यानं मागितलं ते मिळालं. सप्लायरनं मात्र सॅम्पल मागायला पाहिजे होतं, त्याचं काम ते आहे.

तेव्हा हिंगणा, बुटीबोरी, कामठी रोडवाल्या सगळ्या फिटर आणि मालक मंडळींना हात जोडून सांगतो, नुसता बोअर सांगून रिंग मागू नका. जुनी रिंग, तुटकी का असेना, पुसून जपून ठेवा आणि तीन मापं घ्या. बोअर लायनरचा, रिंगच्या बाहेरून नाही, कारण मोकळी रिंग बोअरपेक्षा मोठीच असते. मग उंची, म्हणजे रिंग टेबलावर आडवी ठेवली तर टेबलापासून वर किती, ती बाहेरच्या आणि आतल्या दोन्ही कडांना मोजा. मग जाडी, म्हणजे बाहेरच्या अंगापासून आतल्या अंगापर्यंत. उंची आणि जाडी या दोघांची अदलाबदल फार होते, सप्लायरला कागदावर चित्र काढून पाठवा म्हणजे वाद नाही. सोबत लिहा की तोंडाचा काप सरळ आहे, तिरपा आहे का चढवलेला, आणि अंगावर काय आहे, चकचकीत क्रोम, मधल्या चरात भरलेला राखाडी मॉलिब्डेनम, का काळी फॉस्फेटची झिलई. ऑइल रिंग असेल तर मागं गोल स्प्रिंग आहे का तेही.

माल आला की आधी रिंग एकटी लायनरमध्ये, जिथं झीज सगळ्यात कमी तिथं, पिस्टननंच ढकलून सरळ बसवा आणि तोंडाची फट फिलर गेजनं मोजा. मॅन्युअल असेल तर त्यातला आकडा हाच शेवटचा शब्द. नसेल तर लहान फोर स्ट्रोक इंजिनासाठी इंचाच्या बोअरमागे तीन-चार थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) हा जुना अंदाज आहे, पण तो अंदाजच. फट कमी ठेवली तर रिंग तापून फुगते, टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग नाही तर लायनर जातो. मग रिंग खाचेत पूर्ण गोल फिरवून पहा, कुठं अडकते का. रिंग हातानं फाकवून चढवू नका, एक्सपांडर वापरा, बीड वाकत नाही, तुटतं, आणि कधीकधी बारीक तडा जातो जो इंजिन सुरू झाल्यावरच कळतो. तोंडाजवळ इंग्रजीत टॉप कोरलेलं असेल तर ती बाजू क्राऊनकडे. स्क्रेपर किंवा टेपर रिंग उलटी बसली तर ती तेल खाली खरवडायच्या ऐवजी वर ढकलते, आणि मग धूर निळा निघतो, तेव्हा इंजिनाला दोष देण्याआधी रिंग काढून ती अक्षरं कुठल्या बाजूला आहेत ते पाहा.

आपला,
एक निवृत्त चीफ इंजिनिअर
प्रतापनगर, नागपूर